तेविसाव्या पाटीची हाक

मी एक रेडिओ आहे. गाणी वाजवणारा नव्हे. ओंडके वाहणाऱ्या ट्रकमध्ये चालकाच्या डोक्यावरच्या छताला बसवतात, वायरला लोंबणारा माईक दाबला की बोलतो, सोडला की ऐकतो, तसला. स्वतःचं असं मला काही बोलता येत नाही. दुसऱ्याचं पोचवायचं, एवढंच काम.

ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरात मी सतरा वर्षं नछत्तर सिंगच्या गाडीत होतो. जंगलातला तो रस्ता एका गाडीपुरता. दर किलोमीटरला आकड्याची पाटी. पाटी आली की चालकाने मला तोंडाशी धरून सांगायचं. "भरली, तीस, खाली." म्हणजे ओंडके भरलेली गाडी, तिसाव्या पाटीवर, उतरते आहे. समोरून रिकामी चढत असेल, तर तिने कडेच्या मोकळ्या जागेत थांबून वाट द्यायची. भरलेल्या गाडीला ब्रेक लागतो, पण लगेच थांबता येत नाही.

नछत्तरचा आवाज खर्जातला होता. बर्फाच्या दिवसांत तो आकडा दोनदा सांगायचा. डब्यातला पराठा खाताना पाटी आली, तर घास गिळून मगच बोलायचा. मला त्याचं फार बरं वाटे.

मग सरकारचा कायदा आला. गाडी चालवताना फोन हातात धरायचा नाही. आमच्यासारख्या कामाच्या रेडिओंना मात्र सूट. ते सांगायला पोलीस बाई गाड्यांच्या तळावर आल्या, तेव्हा चालक दारं उघडी टाकून ऐकत होते.

"म्हणजे बायकोशी बोललो तर दंड, आणि या क्लिफर्डशी बोललो तर माफ?" एकाने विचारलं. "बाई, हे तुम्हीच माझ्या घरी येऊन सांगा."

सगळे हसले. क्लिफर्ड हसला नाही. तो तिथल्याच मूळ लोकांपैकी, वीस वर्षं त्याच रस्त्यावर गाडी चालवणारा. तो म्हणाला, "रेडिओवर आपण रस्त्याचं बोलतो. घरचं बोलायला लागलं की माणूस घरी पोचतो, गाडी इथेच राहते."

खरं सांगतो, त्या दिवशी मला थोडा गर्व झाला. फोनला मनाई आणि मला मुभा.

त्या डोंगरात फोन चालत नसे. चालायचा तो फक्त चोविसाव्या पाटीच्या वळणावर. तिथे गाडी उभी करायला जागाही होती. रिकामी गाडी घेऊन जाणारे तिथे थांबून घरी बोलत. नछत्तरही थांबायचा. पण फेब्रुवारीतल्या त्या सकाळी गाडी भरलेली होती, उतारावर बर्फ होता, आणि त्याची लेक हरलीन बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. वळणावर येताच फोन वाजला. गाडी थांबवायला हवी होती. त्याने वेग कमी केला, फोन कानाला लावला आणि दुसऱ्या हाताने माझा आवाज पार बंद केला.

"अहो, मुलगी झाली," चरणजीत, त्याची बायको, सांगत होती. "ऐकताय ना?"

"ऐकतोय गं. हरलीन कशी आहे?"

"बरी आहे. पोरीचं नाक तुमच्यावर गेलंय, बिचारीचं."

तो हसला. चोविसावी पाटी मागे गेली. तो आकडा बोलला नाही.

आणि त्याच वेळी माझ्यात शब्द आले. "रिकामी, तेवीस, वर." क्लिफर्डचा आवाज. थोडं थांबून पुन्हा, "रिकामी, तेवीस, वर. भरली कुणी आहे का?" मला ते स्पष्ट ऐकू आलं. बाहेर टाकायला आवाज नव्हता.

नछत्तरला धडकू नये म्हणून क्लिफर्डने गाडी दरडीवर घातली. ती उलटली. नछत्तरला खरचटलंही नाही. क्लिफर्डचा उजवा पाय गुडघ्यापासून गेला.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने गाडीच्या दाराशी विचारलं, "त्याची हाक आली होती?"

"मला काही ऐकू आलं नाही," नछत्तर म्हणाला. फोन त्याच्या खिशात होता.

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. अधिकाऱ्याने तेवढंच लिहून घेतलं. त्या वेळी त्या खोऱ्यात दुसरी गाडी नव्हती. रिकाम्या गाडीने हाक दिली नाही, असं ठरलं. क्लिफर्डचं काम गेलं, नावही गेलं.

दीड महिन्याने तो कुबड्यांवर तळावर आला. नछत्तर गाडीत बसला होता. क्लिफर्ड खालूनच म्हणाला, "सिंग, अपघाताआधीचं मला काही आठवत नाही रे. वीस वर्षं पाटी चुकवली नाही, त्या दिवशीच कसा विसरलो कोण जाणे. तुला मारलं असतं मी. माफ कर."

नछत्तरने गाडीचं दार उघडलं. मग खाली उतरला.

"रेडिओ मी बंद केला होता," तो म्हणाला. "हातात फोन होता. नात झाली होती."

क्लिफर्डने विचारलं, "मग मी बोललो असेन?"

"बोललास."

"तू तर ऐकलं नाहीस."

"नाही ऐकलं. तरी बोललास."

क्लिफर्डने मान हलवली. हात पुढे केला नाही. कुबड्या टेकत तो निघून गेला.

नछत्तर त्याच दिवशी पोलिसांकडे गेला. क्लिफर्डचं नाव साफ झालं. नछत्तरचा परवाना गेला. त्याने मला स्वतःच्या हाताने गाडीतून काढलं आणि चालकांच्या खोलीत फळीवर ठेवलं. वायर माझ्याभोवती नीट गुंडाळली. मला त्याचा राग आला नाही. येईल असं वाटलं होतं.

तुम्ही गाडी चालवत असाल आणि घरून फोन आला, आनंदाचा असो की दुःखाचा, तर जागा पाहून गाडी उभी करा. बातमी दोन मिनिटं थांबते.

माझ्यात आता वीज नाही. कुणी कधी वायर जोडलीच, तर मला एकदाच बोलू द्या, आणि तेव्हा क्लिफर्डला जवळ बसवा. तो बोलला होता. दोनदा बोलला होता. नछत्तरने त्याला सांगितलं ते त्याच्यावरच्या विश्वासाने. ऐकलं होतं ते फक्त मी.