सालीचा पडदा

मित्रांनो, कपाटावर टाकलेली ती तांबूस घडी दिसते ना, तो मी. एक जुना पडदा. मी मुटुबाच्या झाडाची साल आहे. युगांडात, कंपालाबाहेरच्या गावात कावुलू नावाच्या म्हाताऱ्या कारागिरानं मला अलगद सोललं आणि उघड्या खोडाला केळीची पानं गुंडाळली, म्हणजे झाडाला नवी साल यावी. मग लाकडी मोगरीनं त्यानं मला असं काही बडवलं की मी चादरीएवढा रुंद झालो. त्या माराचा मला अजून राग आहे, पण अंगाला मऊपणा आला तोही त्यानंच.

आमच्याकडे माझ्यासारखं कापड मयताला गुंडाळतात. म्हणून काबाहेंडाबाईंनी मला विद्यापीठात आणून मुलाखतीच्या खोलीत मधोमध टांगलं, तेव्हा निवड समितीतल्या डॉक्टर लुब्वामांनी डोळे मिचकावले.

"बाई, कोण गेलं?"

"अजून कुणी नाही. जायचेत ते तुमचे लागेबांधे," बाई म्हणाल्या.

बाई गुणवंतांची शिष्यवृत्ती चालवायच्या. आमच्याकडे नाव ऐकलं की माणूस कुठला ते कळतं, आणि आदल्या वर्षी 'तुमची पोरं, आमची पोरं' यावरून समितीत हमरीतुमरी झाली होती. बाईंनी नावं काढून टाकली, फक्त क्रमांक ठेवले. मुलं माझ्या एका बाजूला, समिती दुसऱ्या बाजूला. नमस्कारसुद्धा बोलायचा नाही, कारण नमस्कारावरून गाव कळतं. ओळख पटली की मुलाखत रद्द. अशी करारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

एका वर्षी एकच जागा उरली होती. नाबोसा नावाची मुलगी आत आली. तोंडातून चकार शब्द काढला नाही, पण मोठ्यांसमोर आल्यावर तिचे गुडघे आपोआप टेकले. आमच्याकडे मुलींचा नमस्कार असाच, गुडघ्यावर; मग मोठ्यांनी उत्तर दिल्याशिवाय उठायचं कसं? पलीकडे तर सगळे नियमानं गप्प. ती बिचारी तशीच बसून राहिली.

"मी तयार आहे, सर," ती म्हणाली. आवाज आला थेट माझ्या खालच्या काठापासून.

"हा आवाज जमिनीतून येतोय का?" समितीतले, दुसऱ्या प्रांतातले प्राध्यापक ओचिटी दचकले.

लुब्वामा खुदकन हसले. "आमच्याकडची पोरगी आहे हो! गुडघ्यावर बसलीय. संध्याकाळपर्यंत उठायची नाही."

ओचिटींनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे ओळख पटली. नियम म्हणजे नियम. रद्द करा."

मित्रांनो, माझ्या अलीकडे तिला हे सगळं ऐकू येत होतं. तिनं माझा काठ मुठीत धरला. मला काहीच करता येत नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

"तिनं ओळख सांगितली नाही, तुम्ही काढलीत," काबाहेंडाबाई शांतपणे म्हणाल्या. "जेवणानंतर सगळ्यांच्या मुलाखती पहिल्यापासून. क्रमांक बदलून. आणि प्रत्येकानं चटईवर बसूनच बोलायचं."

"सगळ्यांच्या? अहो, आज घरी जायचंय की नाही?"

"गुणवत्ता शोधायला बसलोय ना, सर? मग बसा."

दुपारी एकेक जण आला. एक उंच मुलगा कुरकुरला, "मॅडम, पँट नवी आहे माझी!" पण बसला. मुलीही चार-पाच होत्या. सगळेच आवाज आता खालून येत होते, आणि सकाळच्या त्या एका वाक्यावरून कोण कुणाला ओळखणार?

ओचिटींचा प्रश्न सगळ्यांना एकच होता. "गावातल्या केळीच्या बागांवर रोग पडला. आधी काय बघाल?" कुणी माती म्हणालं, कुणी पानं, कुणी औषध.

एक आवाज म्हणाला, "सर, ज्याची बाग वाचली, त्याच्याकडे आधी जाईन."

ओचिटींनी टेबलावर थाप मारली. "हे डोकं पाहिजे आपल्याला!" सगळ्यांत जास्त गुण त्यांनीच दिले.

निकाल लागला, तोच क्रमांक निवडला गेला, आणि बाईंनी मला बाजूला सारलं. समोर नाबोसा, निकालाची वाट बघत पुन्हा गुडघ्यावर. हीच सकाळची मुलगी, हे ओचिटींना तेव्हा कळलं. त्यांचा चेहरा उतरला. ते उठून तिच्यापाशी गेले आणि तिच्या भाषेत, मोडकंतोडकं का होईना, नमस्काराचं उत्तर दिलं. "ऊठ पोरी. सकाळीच म्हणायला हवं होतं मी," ते म्हणाले. ती उठली तेव्हा तिला उभंच राहता येईना, पायांना मुंग्या आल्या होत्या.

आता बाई निवृत्त झाल्या. मुलाखती संगणकावर होतात. मी धूळ खातोय, कडेनं विरतोय. एखाद्यानं कधी झटकलं तर बरं वाटेल, पण माझा हट्ट नाही. एवढंच ऐका. कुणाला पारखायची वेळ आली, तर त्याचं नाव-गाव खुशाल पडद्याआड ठेवा. मात्र पलीकडचं माणूस अजून गुडघ्यावर तर नाही ना, तेवढं वाकून बघत जा.