स्टेशनवरची पंजाबी

नांदेड स्टेशनबाहेर करीमभाई वीस वर्षांपासून रिक्षा चालवतात. यात्रेकरूंकडून त्यांनी पंजाबी अशी उचललीय, की त्यांची बायको सुलतानबी वैतागून म्हणते, "नींद में भी पंजाबीच बोल रहे तुम!"

त्या सकाळी पगडीवाले एक म्हातारे सरदारजी पिशवी घेऊन बाहेर आले. करीमभाई लगबगीनं पुढे झाले. "आओ जी, बैठो जी, किथ्थे जाणा है?"

म्हाताऱ्यांनी हातानंच सरळ चला म्हणून खुणावलं.

वाटेत गुरुद्वारा कुठला, गोदावरी कुठली, लंगर कुठं, सगळं करीमभाईंनी पंजाबीत सांगून टाकलं. म्हातारे पुढे वाकून एकेक शब्द ऐकत होते. करीमभाईंना आणखीच चेव चढला.

एका बोळाच्या तोंडाशी म्हातारे म्हणाले, "बस, थांबवा हितं. घर आलं माझं."

करीमभाईंनी कचकन ब्रेक दाबला. "तुम्ही हितलेच? मग आधी सांगायचं न्हाई का? कवापासून घसा कोरडा करून राहिलो मी!"

"आमच्या चार पिढ्या हितंच गेल्या, भाई. पंजाबीत गुरुद्वाऱ्यातला पाठ तेवढा येतो, पण गप्पा हितल्याच बोलीत. नवी सून अमृतसरची हाय. महिना झाला, ती बोलती अन् मी नुसता 'हां जी' म्हणतो."

करीमभाईंचा राग कुठल्या कुठं गेला. म्हातारे मात्र रिक्षातून उतरेनात.

"अजून एक चक्कर मारा," ते हळूच म्हणाले. "अन् 'पोरी, जेवलीस का?' हे कसं इचारायचं, तेवढं शिकवा."