टेबलाखालचं कार्ड

"आई, कोपरा धरून बसायचं नाही," सुनेनं दारातच बजावलं. "हसून नाव सांगायचं, कार्ड द्यायचं, पुढे सरकायचं."

"आणि समोरचा बोलायला लागला तर?"

"आपल्याशी कोण बोलतंय!" म्हणत ती गर्दीत घुसलीसुद्धा.

हॉटेलवाले, वाचनालयवाले, सभागृहवाले, असा सगळ्यांचा मेळावा होता तो. आम्ही दोघी खुर्च्या दुरुस्त करतो, वेताच्या बैठकी विणतो. दोन महिने दुकानात काम नव्हतं. सुनेला एका कारखान्यात नोकरी चालून आली होती आणि त्याच संध्याकाळी पाचच्या आत हो की नाही ते कळवायचं होतं. ती गेली की दुकान बंद. माझ्या एकटीच्या हातांनी आता वेत ओढला जात नाही.

मी कार्डं वाटत सुटले. अर्ध्या तासात पन्नास संपवली. लोक मान हलवायचे, कार्ड खिशात टाकायचे. मला वाटलं, गड सर केला!

चहा घेऊन एका टेबलाशी टेकले आणि पाहते तर काय, टेबलाच्या पायाखाली आमचंच कार्ड! चार घड्या घालून सारलेलं.

तिथं बसलेला हॉटेलवाला ओशाळला. "आजी, राग मानू नका. फार डुगडुगत होतं हो."

मला हसू आवरेना. "राग कसला? पन्नासांतलं एक तरी कामी आलं! कप उचला बघू."

टेबल आडवं केलं. पाय आखूड नव्हताच, सांधा सैल होता. पिशवीत लाकडी पाचरी असतातच. एक सांध्यात घातली, चपलेनं चार ठोके दिले, टेबल उभं केलं. जागचं हलेना!

"तुमच्याकडे अशी किती डुगडुगतात?" मी विचारलं.

"विचारू नका! साठ खुर्च्या आहेत. निम्म्यांच्या बैठकींची झोळी झालीय. परवा एक जाडजूड गृहस्थ रुतले, दोघांनी ओढून काढले."

मी वही उघडली. साठीनंतर शिकलेलं अक्षर, सावकाश उमटतं. पण त्याचा असा फायदा होईल असं वाटलं नव्हतं! माझी एक ओळ पुरी होईतो तो आणखी चार दुखणी सांगून मोकळा. शेजारची वाचनालयवाली बाई पुढे सरकली. "मावशी, आमच्याही बाकांचं लिहा की." तिच्यामागे आणखी दोघं उभे राहिले.

एवढ्यात सून तणतणत आली. "आई, भर सभेत टेबल उलटं केलंत म्हणे! पुढे सरका म्हटलं होतं ना?"

"सरकू कुठं? रांग लागलीय. बस इथं, तुझा हात भरभर चालतो."

तिनं वही पाहिली. खुर्ची ओढली आणि लिहायला बसली.

पावणेपाचला हॉटेलवाल्यानं विचारलं, "उद्या सकाळी टेम्पो धाडतो. पहिल्या तीस खुर्च्या घ्याल ना?"

सुनेनं घड्याळ पाहिलं, फोन लावला. "नाही, मी नोकरीला येत नाही. दुकानात फार काम आहे!" इतक्या जोरात म्हणाली की अर्धं सभागृह वळून पाहायला लागलं.

बाहेर पडताना तिची पावलं जमिनीवर ठरत नव्हती. "आई, कार्डं संपली. पुन्हा छापायची?"

"छाप ना. जरा जाड कागदावर छाप. टेबलाखाली टिकायला हवीत."