गरम पाण्याच्या तोंडाशी

भोंगा तुम्ही बंद केलात. तुमचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर तेवढा एक माणूस बदलून तुम्ही हात झटकाल. पण हे वाचताना मान खाली कुणाची जाते, ते तुमचं तुम्हाला कळेल.

तीस वर्षं तो भोंगा वाजायचा. वीजकेंद्राचं गरम पाणी सिमेंटच्या कालव्यातून जिथे समुद्रात पडतं, तिथेच लागून आमचा किनारा आहे. जादा पंप सुरू करायचे असले की आधी तीन लांब भोंगे, मग दहा मिनिटं शांतता, मग पाणी. भोंगा झाला की कालव्याच्या तोंडाशी बसलेल्या सगळ्यांनी बाहेर यायचं, हे आमच्या गल्लीतली पोरं चालायच्या आधी शिकायची. कुणी घाबरायचं नाही. कणसंवाली पंखा हलवत राहायची, बायका लुंग्या पिळत वर यायच्या, पंधरा मिनिटं गप्पा मारून परत पाण्यात.

मग तुम्ही, वीजकेंद्राच्या साहेबांनी, किनाऱ्यावर फरसबंदी केलीत. किनाऱ्याच्या नावाची माणसाएवढी रंगीत अक्षरं उभी केलीत. बाहेरगावचे लोक त्या अक्षरांत उभं राहून फोटो काढायला यायला लागले. एका सुट्टीत भोंगा वाजला आणि त्यांना वाटलं त्सुनामी आली. पळापळ झाली, चपला हरवल्या, कुणाच्या तरी गाडीची काच फुटली. त्या काचेपायी तुम्ही बैठक घेतलीत आणि भोंग्याच्या जागी खांबावर लाल दिवा लावलात. आमच्या उन्हात, भर दिवसा, लाल दिवा.

ईदनंतरचा रविवार होता. केतुपातचा दिवस. अख्खं शहर नारळाच्या पानात शिजवलेल्या भाताचे घड हातात लटकवून किनाऱ्यावर आलं होतं. रिफायनरीचे लोक, गोदीचे, आमच्या मासळीच्या कारखान्यातले. चटईला चटई लागलेली. मी माकला, म्हणजे माझ्या आईला, स्कूटरवर मागे बसवून आणलं. तिने छत्तीस वर्षं कारखान्याच्या ओल्या फरशीवर उभं राहून मासे साफ केले. आता त्याच टेबलाशी मी उभी असते. तिचे गुडघे सकाळी दाराच्या कडीसारखे वाजतात. गोळ्यांनी पोट बिघडतं. गरम पाण्यात तासभर बसली की आठवडाभर जिना चढते.

तिच्या बरोबरीच्या तिघी आधीच आल्या होत्या. तोफूवाल्या गल्लीतल्या दोघी बहिणी, कास्मिनी आणि कासिराह. आणि म्बाह जुमिराह, चौऱ्याहत्तर वर्षांची, सगळ्यांची आजी आणि सगळ्यांची सासू. पाण्यात बसताना या बायका कंबरेच्या बाटिकच्या कापडांनी एकमेकींना बांधून घेतात. समुद्रात उतरायची ही त्यांच्या आयांपासूनची रीत आहे. लाट आली, कुणाचा पाय सुटला, तर बाकीच्या धरून ठेवतात. गाठ फुलाची असते, टोक ओढलं की सुटते.

"न्दुक, पोरी, तू वर बस," माक मला म्हणाली. "केतुपातवर माश्या बसू देऊ नकोस."

"बसू दे की," जुमिराह म्हणाली. "तुझ्या रश्श्यात मांस कुठे आहे, ते त्यांना तरी सापडेल."

"खायला मात्र पहिली तूच येतेस."

"म्हातारीला उपाशी मारलंस तर तुलाच पाप लागेल, म्हणून येते. पुण्य करते मी."

चौघी उतरल्या. काठाजवळ कास्मिनी, मग कासिराह, मग माझी आई, आणि शेवटी, कालव्याच्या अगदी तोंडाशी, जुमिराह. तिला सगळ्यात गरम पाणी लागायचं.

"आज फुलाची गाठ नको," ती म्हणाली. "मागच्या खेपेला ही कास्मिनी गाठ सोडून बाक्सो खायला पळाली आणि मी नाकातोंडात पाणी घेतलं. आज दुहेरी मारा. विनारसिह, इकडे ये. तुझे हात कारखान्यातले. ओढ बघू."

मी पाण्यात गेले. चारही कापडांच्या गाठी दुहेरी केल्या आणि एकेक दातओठ खाऊन आवळली. सुती कापड भिजलं की गाठ दगडासारखी होते, हे मला माहीत आहे. रोज ओली दोरी हाताळते मी. तरी आवळली. भोंगा होईल, मग सावकाश सोडवू, असं डोक्यात होतं. दिवा बसवून पाच महिने झाले होते, पण माझ्या डोक्यात अजून भोंगाच होता. त्या पाण्यात बसलेल्या प्रत्येक बाईच्या डोक्यात भोंगाच होता.

मी वर येऊन चटईवर बसले. शेजारी पाक दार्सो, म्हणजे दार्सोकाका, पोहायच्या ट्यूब भाड्याने देतो आणि शहाळी विकतो. तो कोयत्याने शहाळं छाटत होता. छाटता छाटता हात थांबला.

"विनार," तो म्हणाला, "पाण्याला फेस का आलाय?"

मी बघितलं. कालव्याच्या तोंडाशी पिवळट फेस गोल फिरत होता. जादा पाणी यायच्या आधी असा फेस येतो. पण भोंगा तर झाला नव्हता.

"दिवा!" दार्सो ओरडला. "दिवा लागलाय!"

खांबावर नजर गेली. ऊन डोळ्यांवर होतं. तळहात आडवा धरून, डोळे बारीक करून पाहिल्यावर काचेत मळकट लाली दिसली. कधीपासून लागला होता, देव जाणे. मी धावले.

"माक! बाहेर! बाहेर या!"

चौघींनी वर बघितलं. कासिराहने हात हलवला. तिला वाटलं मी जेवायला बोलावतेय.

"पाणी सोडलंय!"

"भोंगा कुठे झाला?" जुमिराह म्हणाली.

तेवढ्यात पाणी आलं. लाट नाही. लाट येते आणि जाते. हे नुसतं येतच राहिलं, भिंतीसारखं, आतल्या समुद्राच्या दिशेने ढकलत. जुमिराहचे पाय पहिले सुटले. तिच्या ओढीने माक आडवी पडली. माकच्या ओढीने कासिराह. कास्मिनीने कालव्याच्या कडेचा लोखंडी कडी दोन्ही हातांनी पकडली म्हणून माळ थांबली. चौघींचं वजन आणि सगळं पाणी तिच्या दोन हातांवर. ती किंचाळत होती. दार्सोने तिला काखेतून धरलं, आणखी दोन माणसं आली, पण ओढून वर घेता येईना. कापड दोरखंडासारखं ताठ झालं होतं.

मी कड धरत धरत माकपर्यंत पोचले. पाणी माझ्या छातीला. तिचं तोंड वर यायचं, बुडायचं, वर यायचं. मी गाठीवर बोटं घातली. माझीच गाठ. नखं तुटली. गाठ तसूभर हलली नाही.

"कोयता!" मी ओरडले. "पाक, कोयता द्या!"

कुणीतरी हातोहात कोयता पुढे केला. मूठ शहाळ्याच्या पाण्याने चिकट झाली होती. आणि तेव्हा मला कळलं की कापायचं कुठे, हा प्रश्न आहे. कासिराहच्या आणि माकच्या मधे कापलं तर दोघी बहिणी सुटतील, पण माक आणि जुमिराह जातील. माकच्या पलीकडे कापलं तर तिघी सुटतील आणि जुमिराह जाईल. न कापलं तर कास्मिनीचे हात जितका वेळ टिकतील तितका वेळ चौघी. तिच्या मनगटातून रक्त येत होतं.

माकने माझा हात पाहिला. तोंड वर आलं तेवढ्यात म्हणाली, "कापू नकोस."

पलीकडे जुमिराहचं डोकं दिसत होतं, पांढरे केस मोकळे सुटलेले. ती माझ्याकडेच बघत होती.

"विनार, थांब!" ती ओरडली. "थांब गं!"

लोक मला सांगतात, तिने तुला काप म्हणून खूण केली असेल. नाही केली. मला बरं वाटावं म्हणून खोटं सांगू नका. तिने थांब म्हटलं. मी थांबले नाही. माकच्या पलीकडच्या कापडावर मी तीन घाव घातले. पहिला पाण्यातच फुकट गेला. दुसऱ्याने अर्धं कापड फाटलं. तिसऱ्याने सुटलं.

तिघी एकदम काठाकडे आल्या, एकमेकींच्या अंगावर. दार्सो ट्यूब घेऊन उडी मारून गेला. शंभर हात तरी पोहला. पण पाणी अजून येतच होतं. तुमच्या माणसाने झडप बंद केली ती आणखी अठरा मिनिटांनी. मी मोजली नाहीत, फोटो काढणाऱ्या एका पाहुण्याच्या फोनमध्ये आहेत. रंगीत अक्षरांच्या मागे सगळं दिसतंय.

जुमिराह दोन दिवसांनी टँकरच्या धक्क्याखाली सापडली. कंबरेला माझी गाठ तशीच होती.

सातव्या दिवसाच्या प्रार्थनेला मी तिच्या घरी गेले. जाऊ नकोस म्हणून शेजारणींनी हात धरले होते. तिची मुलगी यात्मी दारात उभी राहिली, आत घेईना.

"खरं सांग," ती म्हणाली. "आईने काही म्हटलं का?"

"थांब म्हणाली."

यात्मीने दाराची कडी हातात घेतली. मग म्हणाली, "माझी आई मधे असती आणि तुझी शेवटी असती, तर मीही कापलं असतं." दार लोटत म्हणाली, "पण तू परत येऊ नकोस." तिने दार लावून घेतलं. बरोबर केलं तिने.

माक माझ्याशी बोलत नाही. जेवण वाढते, ताट पुढे सरकवते, आत जाते. गुडघे वाजत असतात. आता ती गरम पाण्याकडे जात नाही.

आणि नवव्या दिवशी तुमचा माणूस आला. इस्त्रीचा सदरा, हातात फाईल, माझ्या खुर्चीवर बसला. मोठा नम्र.

"सही हवी होती, बाई. नुसता रिवाज आहे."

मी वाचलं. मी फक्त सहावी शिकलेय, पण वाचते. सगळं वाचते. लिहिलं होतं: पर्यटक महिलांनी स्वतःच्या इच्छेने एकमेकींना बांधून घेतले होते. धोक्याची सूचना प्रकाशाद्वारे वेळेवर देण्यात आली होती. मृत्यू हा एका नातेवाईक महिलेने धारदार हत्याराने कापड कापल्यामुळे झाला.

"यात पाणी कुठे आहे?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"बायका बांधल्या, दिवा लागला, कापड कापलं. पाणी कुणी सोडलं, ते या कागदात नाही."

"तो तांत्रिक विषय आहे, बाई. सही नाही केलीत तर पोलीस तुम्हालाच बोलावतील. आम्ही तुम्हाला सांभाळून घेतोय."

मी त्याला माझ्या खुर्चीवरून उठवलं. कागद ठेवून घेतला. तो माझ्याकडे आहे, सगळ्यांना दाखवते.

पोलिसांनी बोलवावं. मी जाईन. मी सांगेन: गाठ मी आवळली. कोयता मी चालवला. ती थांब म्हणत असताना चालवला. पुन्हा तसा प्रसंग आला तर पुन्हा चालवेन, आणि पुन्हा रात्रंदिवस मला तिचे केस दिसतील. हे माझं आहे, मी कुणावर ढकलत नाही. खाली नाव लिहिते: विनारसिह, मासळी कारखाना, टेबल क्रमांक चौदा.

आता तुमची पाळी. त्या रविवारी, किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसताना, जादा पंप सुरू करा असा हुकूम कुणी दिला? खिडकीतून एकदा खाली बघितलं होतं का त्याने? पद सांगू नका, विभाग सांगू नका, समिती सांगू नका. मी माझं लिहिलंय तसं, माणसाचं नाव सांगा.