तीस पावलं

नूर महंमदने सळई गाळात खुपसली. काही लागलं नाही म्हणून ती हळूच वर ओढली आणि दोन विती पुढे सरकून पुन्हा खुपसली. सळईला एका जागी चिंधी बांधलेली होती. चिंधी मातीला टेकली की तो हात आवरायचा. त्याच्या खाली जायचं नाही, असं त्याने स्वतःला बजावलं होतं. खाली माणसं झोपली होती.

गेल्या महिन्यात नाल्याला पूर आला. कब्रस्तानची नाल्याकडची भिंत पडली आणि डोंगरउतारावरची लाल माती आत येऊन बसली, गुडघाभर. पंधरा दिवसांच्या उघाडीने तिला आता भेगा पडल्या होत्या. कबरी, त्यांच्या उशाचे दगड, रांगा, सगळं एका पातळीत आलं होतं. गेल्या वर्षी गेलेली त्याची बायको हमीदा तिसऱ्या रांगेत होती की चौथ्या, हेही त्याला नक्की सांगता येईना. आणि उद्या तिच्या बरसीला मुलगी, मिसबाह, पाचोऱ्याहून येणार होती.

"नूरभाऊ, काय करी ऱ्हायना?"

पडक्या भिंतीपलीकडे धनसिंग उभा होता. वनखात्याचा जुना मजूर. वरच्या रानातले वणवे विझवण्यात आणि गुरं हाकलण्यात त्याची हयात गेली होती.

"दगड शोधतोय."

धनसिंग नाल्याकडे बघत राहिला. पूर ओसरून इतके दिवस झाले तरी पाणी निवळलं नव्हतं.

"पयले भर पावसाळामा तळना गोटा दिसेत," तो म्हणाला आणि काठी टेकत निघून गेला.

नूर महंमदने सळई पुन्हा खुपसली.

दोन हिवाळ्यांपूर्वी उतारावरचं जुनं रान काढून तिथे साग लावायचं ठरलं. शिरपूरकडच्या एका ठेकेदाराने तोड घेतली आणि टोळीचा मुकादम म्हणून नूर महंमदला नेमलं. तेव्हा हाच धनसिंग नाल्यात उभा राहून म्हणाला होता, "बठ्ठं तोड, पन काठना झाडं ऱ्हाऊ दे. दोन्ही आंगे तीस पावलं." खात्याच्या नकाशातही तेवढा पट्टा सोडलेला होता. पण ट्रक वळवायला जागा होईना. ठेकेदाराची रोज घाई. शेवटी नूर महंमदनेच बोट दाखवलं, आणि चार दिवसांत काठची जांभळं, करंज, दोन माणसांच्या कवेत न मावणारे अर्जुन आडवे झाले.

पहिल्याच पावसात नाला लाल झाला. मोहल्ल्याची विहीर नाल्याच्याच झिरप्यावर भरायची. हमीदा हंड्यात तुरटी फिरवायची, दुपदरी फडक्यातून पाणी गाळायची आणि फडक्यावर उरलेली माती झटकायला मागच्या दाराने बाहेर जायची. ती गेली त्या दिवशी गुसलचं, तिला शेवटची अंघोळ घालायचं पाणी बायकांनी तीन वेळा गाळलं. तरीही पाण्याचा रंग गेला नव्हता.

ऊन कलंडलं तरी सळईला काही लागलं नाही. मग नूर महंमद नाल्यात उतरला, एक चपटा दगड घेऊन आला आणि अंदाजाने तिसऱ्या रांगेच्या जागी रोवला. बायका आत येत नाहीत. मिसबाह भिंतीबाहेर उभी राहील, तिला लांबून दगड दिसला म्हणजे झालं. त्याने भोवतीची माती तळहाताने दाबली आणि घरी गेला.

सकाळी मिसबाहला घेऊन तो आला आणि तिला भिंतीबाहेर थांबवून आत गेला, तेव्हा त्या दगडापाशी कुणीतरी गुडघे टेकून बसलं होतं. गावात शिलाईकाम करणारा हसनैन. चाळिशी उलटलेला माणूस, पण तोंड पोरासारखं रडवेलं झालं होतं.

"चाचा, सापडली!" तो म्हणाला. "अम्मीची कबर. सगळे दगड गेले, तिचा तेवढा वर राहिला. रोज येऊन जात होतो मी, दिसला कसा नाही?"

हसनैनने दगडावर मोगऱ्याची फुलं ठेवली होती. दगड एका बाजूला किंचित कलला होता. नूर महंमद खाली बसला, त्याने तो सरळ केला.

"हो," तो म्हणाला. "तिचीच असेल."

तो भिंतीशी परत आला. मिसबाह ओढणी डोक्यावर घेऊन उभी होती.

"अब्बा, अम्मी कुठे आहे?"

त्याने त्या सपाट लाल मातीकडे पाहिलं. मग वर, डोंगराकडे.

"सापडत नाही, बेटा." थोडं थांबून तो म्हणाला, "ही वरची माती आहे. नाल्याकाठची झाडं मी तोडायला लावली होती. धनसिंग नको म्हणत होता."

नाल्याचं पाणी पडक्या भिंतीच्या दगडांवरून वाहत होतं.

"अम्मीने सांगितलं होतं," मिसबाह म्हणाली. "पहिल्या पावसातच. फोनवर. म्हणाली, अब्बांना कुणी काही बोलायचं नाही."

तिने ओढणी सारखी केली आणि कुठल्याच एका जागेकडे न बघता दुआसाठी दोन्ही हात वर केले. नूर महंमद तिच्या शेजारी उभा होता. त्याचे हात वर येईनात.