ठिपक्यांत गेलेले शब्द

मित्रांनो, बंगळुरातल्या बसवनगुडी भागात, एका पहिल्या मजल्यावरच्या घरात खिडकीला लागून एक लांबट टेबल आहे. त्या टेबलाच्या कडेला मी पडून असतो. मी एक जुना कीबोर्ड आहे. माझा मूळचा रंग दुधी होता, आता तो पिवळट झाला आहे. दिवसभर माझ्याकडे कुणी फिरकत नाही, म्हणून आज तुमच्याशी बोलावंसं वाटलं.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते मला नीट ठाऊक नाही. एवढंच आठवतं की एका लांबलचक पट्ट्यावर माझ्यासारखे पुष्कळ जण ओळीनं सरकत होते आणि कुणीतरी माझी प्रत्येक कळ दाबून पाहिली होती. मग खोका, अंधार, प्रवास, आणि शेवटी बंगळुरातल्या एस. पी. रोडवरचं एक दुकान. तिथे मला श्रीकांतरावांनी निवडलं. ते विमानांच्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. दुकानदारानं नवे, चपटे कीबोर्ड पुढे केले होते, पण ते बायकोला म्हणाले, "प्रमोदिनी, हा घेऊ. ह्याच्या कळा खोल जातात. दाबली की दाबली, हे बोटाला समजतं."

प्रमोदिनीबाई शाळेत शिक्षिका होत्या आणि नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. श्रीकांतरावांनी माझ्या प्रत्येक कळेवर देवनागरी अक्षरं चिकटवली. मग त्यांनी बाईंना टायपिंग शिकवलं. थोड्याच दिवसांत बाईंचा हात असा बसला की मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाची स्मरणिका दरवर्षी माझ्यावरच तयार होऊ लागली. लोक म्हणायचे, "शुद्धलेखन बघावं तर प्रमोदिनीबाईंचं!" ते ऐकून मीही मनातल्या मनात फुलायचो.

पुढे श्रीकांतराव गेले. स्मरणिका दुसरं कुणीतरी करू लागलं. संगणक बंद झाला आणि मला एका पिशवीत घालून माळ्यावर टाकलं गेलं. मित्रांनो, माळ्यावरचा काळ सांगण्यासारखा नसतो. तिथे काहीच घडत नाही.

मला पुन्हा खाली आणलं ते एका दुःखाच्या प्रसंगी. प्रमोदिनीबाईंच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज कायमचा गेला. वयानं हातही थरथरू लागले होते, त्यामुळे कागदावर लिहिलेलं कुणाला लागत नसे. फोनच्या गुळगुळीत काचेवर बोट भलतीकडेच पडे. तेव्हा त्यांच्या मुलाला, शंतनुला, माझी आठवण झाली. त्यानं संगणकात अशी सोय केली की बाईंनी माझ्यावर टाइप करून एंटर दाबलं की संगणक ते वाक्य मोठ्यानं म्हणायचा. आवाज कुणा अनोळखी बाईचा होता, बातम्या दिल्यासारखा. पण पहिलंच वाक्य आलं, "श्वेता, आमटीत मीठ कमी आहे." त्यावर सून श्वेता इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, तुम्ही परत आलात!" ती म्हणाली.

ते माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस. मी आता नुसता कीबोर्ड नव्हतो, एका माणसाचा आवाज होतो.

शंतनु एका सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि बहुतेक दिवस घरूनच काम करायचा. टेबलाच्या एका बाजूला तो बसे, समोरच्या बाजूला आई. त्याच्याकडे दोन लॅपटॉप होते, एक ऑफिसचा आणि एक स्वतःचा. एके दिवशी ऑफिसच्या लॅपटॉपवर चहा सांडला आणि त्याच्या कळा चालेनाशा झाल्या. मग शंतनुनं एक छोटी पेटी आणली. तिच्यात एका बाजूनं मी आणि माझा सोबती माऊस जोडलेले, दुसऱ्या बाजूनं आईचा संगणक धरून तिन्ही संगणक. पेटीवर बटण होतं. ते दाबलं की आम्ही एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जायचो, आणि ज्याच्याकडे गेलो त्याचा दिवा लागायचा.

सुरुवातीला माऊसनं त्रास दिला. मधेच तो अडे, बाण पडद्यावर गोठून जाई. शंतनुनं तार बदलली, जोडायची जागा बदलली, शेवटी पेटीला वेगळा वीजपुरवठा दिला, तेव्हा माऊस सुधारला. "झालं! आता एका कीबोर्डवर सगळं चालेल," तो खुशीत म्हणाला.

पण ते "सगळं" कसं चाललं ते ऐका. शंतनुचं काम निघालं की तो म्हणायचा, "आई, एक मिनिट हं." मग बटण दाबायचा आणि मला आपल्या बाजूला ओढून घ्यायचा. ते एक मिनिट कधी दुपारपर्यंत लांबायचं. समोर प्रमोदिनीबाई हात मांडीवर ठेवून बसायच्या. त्यात एकदा, मी त्यांच्याकडे असताना, शंतनुच्या मीटिंगमध्येच संगणक खणखणीत आवाजात म्हणाला, "शंतनु, दूध उतू जातंय." पलीकडची माणसं हसली. शंतनु ओशाळला आणि त्यानं आईच्या संगणकाचा आवाज बंद केला. मीटिंग संपल्यावर त्यानं तो परत सुरू केला, पण बाईंच्या मनात ते राहून गेलं.

त्यानंतर एक विचित्र प्रकार सुरू झाला. बाई टाइप करायच्या, आणि शब्द पडद्यावर मधेच थांबायचे. एंटर दाबलं तरी संगणक गप्प. बाई पुन्हा टाइप करायच्या, पुन्हा तेच. मला मात्र कळत होतं. मी पेटीतून भलत्याच वाटेनं निघालो होतो. बाईंचे शब्द शंतनुच्या ऑफिसच्या लॅपटॉपकडे जात होते. शंतनु जागेवरून उठला की तो लॅपटॉप आपोआप कुलूपबंद व्हायचा आणि पासवर्ड मागत बसायचा. त्या पासवर्डच्या चौकटीत बाईंचा एकेक शब्द पडत होता आणि प्रत्येक अक्षराचा एक काळा ठिपका होत होता. लॅपटॉपची पाठ बाईंकडे होती. त्यांना काहीच दिसत नव्हतं.

मला हे ओरडून सांगता आलं असतं तर! पण दुसऱ्याचा आवाज होणाऱ्याला स्वतःचा आवाज नसतो.

अशातच एका रविवारी जेवणं झाल्यावर शंतनु आणि श्वेता बाईंजवळ येऊन बसले.

"आई," शंतनु म्हणाला, "ऑफिसनं आता रोज यायला सांगितलंय. श्वेताही दिवसभर बाहेर. तू एकटी राहणार. काही झालं तर फोनवर कुणाला सांगणार कशी?"

श्वेता हळूच म्हणाली, "शहराबाहेर, देवनहळ्ळीजवळ ज्येष्ठांसाठी एक निवास आहे, आई. नर्स असतात, बाग आहे. आम्ही दर आठवड्याला येऊ. तुम्ही शांतपणे विचार करून सांगा."

दोघं आवराआवर करायला स्वयंपाकघरात गेले. त्यांच्या बोलण्यात खोटेपणा नव्हता. त्यांना खरोखरच काळजी वाटत होती. बाईंनी मला जवळ ओढलं. त्यांची बोटं नेहमीपेक्षा जास्त थरथरत होती. त्यांनी लिहिलं, "मला इथेच राहू द्या. इथल्या बायका, हा रस्ता, हे घर माझं आहे. मी एकटी राहायला घाबरत नाही." एंटर दाबलं.

संगणक गप्प राहिला. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. बाईंनी परत लिहिलं, "शंतनु, माझा आवाज का बंद केलास?" तेही ठिपके होऊन गेलं.

थोड्या वेळानं शंतनु पुसायचं फडकं हातात घेऊन दारात आला. "काय ठरवलंस, आई?"

बाईंनी मुक्या संगणकाकडे पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं. मान हलवून 'नाही' म्हणता आलं असतं त्यांना. पण ज्यानं आपलं बोलणंच बंद केलं, त्याला मान हलवून काय सांगायचं, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी हात मांडीवर ओढून घेतले आणि तोंड फिरवलं.

आत गेल्यावर श्वेता म्हणाली, "नाही तर म्हणाल्या नाहीत."

"हो ना. मनातून तयार असेल," शंतनु म्हणाला. आणि देवनहळ्ळीला जाऊन जागा बघायचा दिवस ठरला.

त्या दिवसानंतर बाई माझ्याजवळ फारशा येईनाशा झाल्या. मी टेबलावरच होतो, पण मला माळ्यावर असल्यासारखं वाटे. तिकडे शंतनुही एका कटकटीनं हैराण झाला होता. ऑफिसचं त्याचं खातं पुन्हापुन्हा बंद पडत होतं. "तुमचा पासवर्ड कुणीतरी सारखा चुकीचा टाकतंय," असं ऑफिसचे लोक सांगायचे. त्यानं पासवर्ड बदलून पाहिला, तरी तेच. संध्याकाळी बटण दाबायला गेला की कधीकधी ऑफिसचाच दिवा लागलेला दिसे. आपणच विसरलो असू, असं समजून तो पुढे जाई.

जागा बघायला निघायच्या दिवशी सकाळी शेजारच्या मथुराअक्का भेटायला आल्या. त्या मूळच्या इथल्याच. प्रमोदिनीबाईंच्या शाळेत त्या कन्नड शिकवायच्या, आणि इतक्या वर्षांच्या मैत्रीत त्यांचं मराठीही छान झालं होतं. शंतनु बाल्कनीत फोनवर ऑफिसशी वाद घालत होता. अक्का त्याच्या रिकाम्या खुर्चीत, बाईंच्या समोर बसल्या.

"काय ग प्रमोदिनी, मला न सांगता चाललीस? तुझ्या मनात आहे का जायचं?"

बाई नुसत्या बसून राहिल्या.

"अशी गप्प नको बसू. स्वल्प टाइप कर की. माझ्यासाठी कर."

बाईंनी नाइलाजानं हात पुढे केले. दोनतीन शब्द त्यांच्या पडद्यावर उमटले आणि मग पुन्हा सगळं थांबलं. त्यांनी हात उचलून अक्कांना मोकळे तळवे दाखवले. बघ, असंच होतं.

पण अक्कांचं लक्ष दुसरीकडे होतं. "थांबू नको. अजून दाब बघू काहीतरी," त्या म्हणाल्या. बाईंनी दाबलं. अक्का ताडकन उभ्या राहिल्या. "शंतनु! इकडे ये आधी! तुझी आई तिकडे टाइप करते आणि तुझ्या ह्या पडद्यावर ठिपके ठिपके येतायत!"

शंतनु फोन कानाला तसाच धरून धावत आला. त्यानं ठिपके पाहिले. मग पेटीवरचा दिवा पाहिला. त्यानं फोन बंद केला.

आधी त्याला वाटलं, पेटी बिघडली. त्यानं तारा काढून परत लावल्या, वीज बंद करून सुरू केली. मला पेटीतून काढून थेट आईच्या संगणकाला जोडलं, तर मी नीट चाललो. परत पेटीला जोडलं. "आई, लिही काहीतरी," तो म्हणाला आणि ह्या वेळी तो पडद्याकडे न बघता आईच्या हातांकडे बघत उभा राहिला.

बाईंचं डावं बोट माझ्या कोपऱ्यातल्या शिफ्टकडे निघालं. थरथरीमुळे ते खालच्या कंट्रोलवर पडलं, आणि एकदा नव्हे, लागोपाठ दोनदा. पेटीवरचा दिवा टुणकन पुढच्या संगणकावर गेला.

शंतनुनं पेटीची माहिती शोधून वाचली. कंट्रोल दोनदा दाबलं की संगणक बदलावा, अशी त्या पेटीत सोयच केलेली होती. म्हणजे काहीच बिघडलेलं नव्हतं, मित्रांनो. पेटी तिचं काम चोख करत होती. मीही माझं काम करत होतो. फक्त त्या थरथरणाऱ्या बोटाकडे कुणी पाहिलं नव्हतं.

शंतनु खुर्चीत बसला. "म्हणजे आई तू बोलत होतीस," तो म्हणाला. "आणि मी समजत होतो..." श्वेता दारात उभी होती, तिनं डोळ्यांना पदर लावावा तशी ओढणी लावली.

त्यानं मला पेटीतून सोडवलं आणि थेट आईच्या संगणकाला जोडून तिच्यासमोर ठेवलं. "आई, त्या रविवारी आम्ही देवनहळ्ळीचं विचारलं, तेव्हा तू काय म्हणाली होतीस?"

बाईंनी लिहिलं. संगणक त्याच बातम्यांच्या आवाजात म्हणाला, "ते गेलं. आता परत विचार."

शंतनु खाली वाकून, आईच्या डोळ्यांत बघत म्हणाला, "आई, देवनहळ्ळीला जाशील?"

"नको."

एवढासा शब्द. पण तो घरभर ऐकू गेला. मथुराअक्कांनी टेबलावर हात आपटला. "सरी, ठरलं तर! मग मी कशाला आहे? दिवसा मी येत जाईन. नाहीतर ही येईल माझ्याकडे."

गाडी रद्द झाली. शंतनुनं स्वतःसाठी वेगळा कीबोर्ड आणला आणि पेटी काढून टाकली. नंतरचे काही महिने मी एकट्या बाईंचा होतो. त्या कितीतरी बोलायच्या, आणि मी न दमता बोलायचो.

पण बाई घरात एकट्या असताना मी त्यांना पुरा पडणार नव्हतो, हे खरंच होतं. मी टेबलाला बांधलेला. म्हणून शंतनुनं त्यांच्यासाठी एक मोठ्या कळांचं, हातात मावणारं, बोलणारं यंत्र शोधून आणलं. थरथरतं बोट दोनदा पडलं तरी ते एकदाच धरतं. ते गळ्यात अडकवून त्या आता मथुराअक्कांबरोबर बागेत जातात, देवळात जातात. संध्याकाळी खालच्या रस्त्यावरून त्यांचा नवा आवाज मला ऐकू येतो. परवा तो भाजीवाल्याला विचारत होता, "अण्णा, मेथी ताजी आहे ना?" मला बरं वाटलं. वाईटही वाटलं. त्या आवाजात मी नव्हतो.

आता मी दिवसभर पडून असतो. ते ठिपक्यांत गेलेले शब्द बाईंना आठवत नाहीत, आणि शंतनुला कधी कळणार नाहीत. ते फक्त माझ्यापाशी आहेत. कुणाला सांगू?

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंची धूळ पुसा, त्यांच्या तारा हिसकू नका, हे तर मी सांगेनच. पण आणखी एक मागणं आहे. यंत्र अडलं की तुम्ही तार काढून पाहता, बटण दाबून पाहता, दोष सापडेपर्यंत सोडत नाही. घरातलं माणूस गप्प झालं तर मात्र 'त्याची हरकत नसेल' म्हणून पुढे जाता. असं करू नका. त्याच्याजवळ बसा, त्याच्या हातांकडे बघा, आणि परत विचारा.