पूजाचं माहेर

बाळंतपण म्हटलं की आमच्या भागात माझं नाव निघतं. शिराळ्याच्या डोंगरकडेला माझं उपकेंद्र. तिथल्या वाड्यावस्त्यांवर जी पोरं शेंबूड पुसत हिंडतात, त्यातली निम्मीअधिक माझ्या हातावर आलीत. अनसूया सिस्टर कुठं राहतात म्हणून विचारा, कुणीही घर दाखवील. तर अशा बाईच्या एकुलत्या एका पोरीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. मग पूजानं माझ्याकडं यायचं, यात विचारायचं काय? मला वाटलं, काहीच नाही. कपाळ माझं!

क्वार्टरच्या आतल्या खोलीला मी चुना मारून घेतला. न्हाणीच्या दाराला कडी नव्हती, ती बसवली. बाज नव्यानं विणून घेतली. डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा, सगळं डब्यांत भरून फळीवर लावलं. आरोग्य केंद्रात जाऊन रजेचा अर्ज दिला, तर डॉक्टरसाहेब चष्म्यावरून बघायला लागले. "सिस्टर, तुम्ही आणि रजा?" म्हटलं, "साहेब, यंदा घरचंच गिऱ्हाईक आहे." साहेब हसले आणि सही केली. मी तर अशी हवेत होते की येताना एस.टी.त कंडक्टरलासुद्धा सांगितलं, लेक येणार आहे बाळंतपणाला.

पूजाचे वडील गेले तेव्हा ती तिसरीत होती. कोयनेच्या घाटात त्यांचा ट्रक खाली गेला. आम्ही साताऱ्याला एकत्र राहायचो. थोरले दीर बाळासो एमआयडीसीत कामाला, आणि मोठ्या जाऊबाई मनुबाई, त्यांना मी अक्का म्हणते. त्यांना मूल नाही. आता खोटं कशाला बोलू, मला कुणी घराबाहेर काढलं नाही की ताटात वाढताना हात आखडला नाही. पण माझं टाळकं मुळातच तिरकं. दिराच्या जिवावर जन्म काढायचा, हे काही मला पचेना. मॅट्रिक झालेली होते. गल्लीत पोलिओचा डोस पाजायला नर्सबाई यायच्या, त्यांनी सांगितलं, सांगलीला नर्सचा कोर्स आहे, विधवा बायकांना वयात सवलत मिळते, फक्त होस्टेलला राहावं लागतं.

होस्टेलला पोरगी कशी न्यायची? झाली बोलणी सुरू. फौजेत जाणारा गडी पोरंबाळं मागं ठेवून जातो, त्याला कुणी काही म्हणत नाही. उलट हार घालून गाडीत बसवतात. बाईनं ठेवलं की सगळी गल्ली तोंड वाजवते. अक्का तेवढ्या म्हणाल्या, "जा तू. पोरीचं मी बगते. ती काय मला जड हाय व्हय?" निघायच्या दिवशी मी पूजाला जवळ घेऊन सांगितलं, "दीड वर्स. कोर्स झाला की तुला घेऊन जाती. आपुन दोघीच ऱ्हायचं, क्वार्टरमधी." तिनं मान हलवली. रडली नाही. मीच सांगलीपर्यंत पदर तोंडात धरून रडत गेले.

सांगलीला वर्गातल्या पोरी अठरा-एकोणीस वर्षांच्या, मला मावशी म्हणायच्या. केस विंचरून द्यायला मावशी, पोट दुखलं की मावशी, प्रियकरानं फसवलं की रडायला मावशी. एकदा मॅडमनी टेबलावर रबरी बाहुली ठेवली आणि बाळाला अंघोळ कशी घालायची ते दाखवायला लागल्या. कुणी घातलीय का आधी, म्हणून विचारलं. मी टेचात हात वर केला, खाली फतकल मारून पाय पसरले आणि बाहुली त्यांवर पालथी टाकली. सगळा वर्ग खदाखदा हसला. मॅडम म्हणाल्या, "अनसूया, ते आता विसरा. इथं टबातली अंघोळ शिकायची." मी पण हसले. पुन्हा पहिल्यापासनं शिकायचं, त्यात गंमत वाटत होती मला. शिकायची गोडी लागली होती, ते मी नाकारत नाही.

त्याच आठवड्यात साताऱ्याहून निरोप आला. पूजाला गोवर निघालाय, ताप फार आहे.

परीक्षा तोंडावर होती. ती बुडली असती तर मागच्या बॅचबरोबर बसायचं, म्हणजे सहा महिने आणखी. पोरीपाशी लवकर जाता यावं म्हणून मी पोरीपाशी गेले नाही. आता हे बोलताना माझं मलाच ऐकवत नाही, पण तेव्हा ते अगदी बरोबर वाटलं होतं. दिवसा टबात बाहुलीला अंघोळ घालायची आणि पुस्तकात गोवराचं प्रकरण आलं की पान उलटायचं.

परीक्षा उरकून गेले तोवर ताप उतरला होता. पूजा अंधाऱ्या खोलीत पडलेली, नुसती काडी झालेली. उशाशी कडुलिंबाच्या डहाळ्या. आणि मी काय केलं? पोरीला पोटाशी धरायचं सोडून अक्कांवर घसरले. "ह्यो पाला कशाला बांधलाय? दवाखान्यात का न्हाई नेलं? जीवनसत्त्वाचा डोस मिळतुय, त्यो दिला का? डोळं गेलं असतं पोरीचं, म्हंजे काय केलं असतं?" चार बुकं वाचली होती ना! अक्का चुलीवरची भाकरी उलटत राहिल्या. दवाखान्यात त्यांनी नेलं होतं आणि डोसही दिला होता, हे मला मागाहून भाऊजींनी सांगितलं.

बोलली ती पूजा. अंथरुणातनंच म्हणाली, "काकीला बोलू नगंस. काकी झोपली न्हाई."

"आगं, तुज्यासाठीच बोलती मी."

"तू न्हवतीस," ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली.

मी अक्कांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ दे गं, जीव तुटतुय म्हून बोलतीस." त्या विसरल्या. पोर विसरली नाही.

कोर्स झाला. पहिलं पोस्टिंग मिळालं जतच्या बाजूला, अर्धं गाव कानडी बोलणारं. क्वार्टर पावसात गळायची, शाळा चौथीपर्यंत. पूजा तेव्हा पाचवीत. तिची साताऱ्यातली शाळा चांगली होती. मी म्हटलं, सातवी होऊ दे, मग नेते. सातवी झाली तर म्हटलं, आता दहावीच होऊ दे, मधेच शाळा कशाला मोडायची? अक्काही तेच म्हणायच्या. दोघींचं एकमत झालं म्हणून मला बरं वाटायचं, बघा. आणि खरं सांगू का, नेऊन ठेवणार कुठं होते? माझं जेवण चुलीवर, आणि मी कुठल्या तरी वस्तीवर कुणाच्या तरी उशाशी. मी दिवाळीला पिशवीत खाऊ घेऊन जायची. पूजा दारात यायची, पिशवी घ्यायची आणि विचारायची, "आई, च्या घेणार का?" पाहुण्यांना विचारतात तसं. मी म्हणायची, घेते.

पुढं बदली शिराळ्याला झाली. बारावीनंतर पूजाला स्थळं यायला लागली, तेव्हा मी मुद्दाम शिराळ्यातलंच स्थळ शोधलं. जावई फौजेत, घरचा ऊस, सासू बोलायला सरळ. मनात हिशेब एकच. लहानपण हातचं गेलं ते गेलं, पण आता लेक माझ्यापासनं हाकेच्या अंतरावर राहील. चार सणांना येईल, बाळंतपणाला येईल. आपली रीतच आहे ती, मला वेगळं काही मागावं लागणार नाही.

आता लग्नाचं ऐका. कन्यादानाला जोडपं लागतं. भटजींनी विचारलं, मुलीकडून कोण बसणार? मी विधवा. आता ही मी, जी वस्तीवरच्या म्हाताऱ्यांशी भांडून विधवा पोरींना हळदीकुंकवाला बोलवायला लावते, ती मी काय म्हणाले? "अक्का आणि भाऊजी बसतील." कुणी मला बस म्हटलं नाही हे खरं, पण कुणी उठही म्हटलं नव्हतं. मीच चट्कन मागं सरले. अक्का म्हणाल्या, "अनसूया, तू निदान शेजारी तरी हुबी ऱ्हा." मी म्हटलं, जेवणाच्या पंगतीचं बघायला कुणीतरी पाहिजे. आणि पोरीच्या हातावर पाणी सोडत होते तेव्हा मी कोठीत बुंदी किती उरली ते बघत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात ना, ती मी!

तर सातवा महिना सरला तशी मी पूजाला आणायला शिराळ्यात गेले. नवं लुगडं, हिरव्या बांगड्या, करंज्यांचा डबा, सगळं घेऊन. विहीणबाईंनी पाणी दिलं, गूळ दिला, आणि जरा अवघडूनच म्हणाल्या, "आवं, पर सातारकर परवाच येऊन ओटी भरून गेलं की. सोमवारी जीप घेऊन येत्यात न्यायला. तुमास्नी म्हायती असंल आसं वाटलं."

मी म्हटलं, "मला कुणी इचारलं न्हाई."

"कन्यादान त्येंनी केलं, तवा बाळातपण त्येंचंच, न्हाई का? रीतच हाय." त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. जे दिसलं ते बोलल्या.

मी आत पूजाकडं गेले. ती खाटेवर बसून लोकरीचं टोपडं विणत होती. माझा आवाज चढला, माझा चढतोच. "पूजा, ह्ये काय ऐकती मी? तुजी आई हितं जित्ती हाय आन् तू चुलतीकडं जातीस? आगं, आख्ख्या तालुक्याची बाळातपणं मी केल्यात!"

"व्हय की," ती म्हणाली. "म्हून तर."

"म्हून तर काय?"

"आई, तुला कुनाचं बोलवणं आलं तर तू जाशील का न्हाई?"

मी रजा काढलीय, मी म्हणाले. खोली रंगवलीय, म्हणाले. बाज विणून घेतली.

"रजंवर आसलीस तरी जाशील. दारात कोन रडत आलं तर तू घरात बसणार हाईस व्हय? आन् तू जायालाच पायजेस, मी न्हाई म्हनत न्हाई." तिनं विणकाम मांडीवर ठेवलं. "पर मला भ्या वाटतंय, आई. मला कुनीतरी घरातनं न हालणारं पायजे."

रागावून बोलली असती तर मी भांडले असते. भांडायला मी कुणाला हार जात नाही. पण ती मला समजावत होती, मला लागू नये म्हणून शब्द निवडून बोलत होती. मी करंज्यांचा डबा तिथं ठेवला आणि उपकेंद्रावर परत आले. बाजेवर बसून पोटभर रडले. वाईट कशाचं वाटत होतं, तर ती खोटं बोलत नव्हती याचं.

कळा सुरू झाल्याचा फोन सकाळी आरोग्य केंद्रात आला. मी मिळेल त्या एस.टी.नं साताऱ्याला पोचले तोवर दुपार झाली होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात अक्का आणि भाऊजी बाकड्यावर बसलेले, अक्कांच्या हातात थर्मास. नातेवाइकांना लेबर रूममध्ये सोडत नाहीत. मी ड्यूटीवरच्या सिस्टरला ओळख सांगितली, तशी ती म्हणाली, "या सिस्टर, तुम्हाला कोण अडवणार?" अक्का उठून उभ्या राहिल्या, त्यांना तिनं तिथंच थांबायला सांगितलं. मी आत गेले. खोटं का बोलू, आत जाताना मला जिंकल्यासारखं वाटलं.

पूजा घामानं निथळत होती. कळ आली की "आई गं" म्हणून ओरडायची. कळेत सगळ्याच बाया आई म्हणतात. जिला आई आठवतसुद्धा नाही तीही म्हणते. हे मला माहीत नाही का? तरी मी तिचा हात धरून म्हणाले, "हाय गं बाळा, मी हितंच हाय." श्वास कसा सोडायचा ते सांगितलं. आता जोर नको, आता दे. तिनं सगळं ऐकलं. शहाण्या पेशंटसारखं ऐकलं. कळ ओसरली तशी माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "आई, काकीला बोलीव की."

"बाळा, आत सोडत न्हाईत गं."

"तू सांग की त्येंला. तुजं ऐकतील."

इतक्या वर्षांत माझ्या नर्स होण्याचा तिनं करून घेतलेला एवढाच उपयोग. मी सिस्टरला विचारलं. तिनं जरा का-कू केलं, मग म्हणाली, "तुमच्या शब्दाखातर. पण दोघी नकोत, आधीच जागा नाही. एकीनंच थांबा."

मी पूजाच्या कपाळावरचे केस मागं सारले आणि बाहेर आले. अक्कांना म्हटलं, "चपला काडा. आत जावा. डोसक्याशी हुबं ऱ्हावा, तिला हात धरू द्या."

"मी?" अक्का घाबरल्या. "मला काय कळतंय त्यातलं? तू सिस्टर हाईस, तूच ऱ्हा बाई."

"कळायचं काय न्हाई त्यात. तिला तुमी पायजे."

अक्कांनी थर्मास माझ्या हातात दिला आणि आत गेल्या. मी भाऊजींच्या शेजारी बसले. दारातून पूजाचा आवाज येत होता, आणि मग अक्कांचा, "झालं गं माजी बाय, झालं झालं." पूजा रडायला लागली. लहान असताना माझ्यापुढं रडायची तशी, मोकळं. मी थर्मासचं झाकण उघडून पुन्हा लावलं.

थोड्या वेळानं बाळ रडलं. खणखणीत रडलं. रडण्यावरनंच मला कळलं की सगळं ठीक आहे. भाऊजींनी डोळे पुसले. दार उघडून आया बाहेर आली, हसत म्हणाली, "शिराळ्याच्या पेशंटला मुलगी झाली हो! बाळातिणीची आई कोण हाय?"

भाऊजी माझ्याकडं बघायला लागले.

"आत हाय," मी म्हणाले.